गृहकर्जाच्या कामात दीर्घकाळ कसे टिकावे

गृहकर्ज बहुधा वीस वर्षांचे असते आणि ते देणारा अधिकारी त्या खुर्चीवर फार तर तीन वर्षे असतो. राष्ट्रीयीकृत बँकेत बदली होते, गृहवित्त कंपनीतला माणूस थोड्या पगारवाढीसाठी समोरच्या इमारतीतल्या कंपनीत जातो, आणि कमिशनवर काम करणारा डीएसए, म्हणजे कर्जदार मिळवून देणारा दलाल, महिनाअखेरच्या आकड्यामागे धावत असतो. कर्जदार मात्र राजारामपुरीत, कळंब्यात किंवा उचगावात आहे तिथेच राहून दर महिन्याला हप्ता भरत असतो. कोल्हापुरात हे काम मी सत्तावीस वर्षे करतो आहे. माझ्याबरोबर रुजू झालेल्यांपैकी जे आजही या कामात आहेत, त्यांनी सर्वांत जास्त कर्जे वाटली असे नाही. त्यांच्या जुन्या कर्जदारांची मुले पुढे स्वतःच्या घरासाठी त्यांनाच शोधत आली, एवढेच त्यांच्यात समान आहे. ही स्थिती कशी येते, हे नव्याने येणाऱ्यांसाठी माझ्या अनुभवापुरते लिहितो.

पगाराआधी साहेब पाहावा

या क्षेत्रात शिरण्याची दारे चार आहेत. राष्ट्रीयीकृत बँकेत नियमांची शिस्त अंगी लागते, पण गृहकर्जाचा टेबल मिळेलच याची खात्री नसते. नागरी सहकारी बँकेत कर्जदार ओळखीचा असतो, आणि हीच तिथली सोय तसेच तोच तिथला धोका. एका व्यक्तीला किती गृहकर्ज द्यावे यावर अशा बँकांना रिझर्व्ह बँकेची मर्यादा असते. जून २०२२ मध्ये ती दुप्पट झाली, तेव्हा मोठ्या सदनिकांची जी प्रकरणे पूर्वी परत पाठवावी लागत, ती या बँकांकडेही येऊ लागली. गृहवित्त कंपनीत वेग शिकायला मिळतो; २०१९ पासून या कंपन्यांचे नियमनही रिझर्व्ह बँकेकडे आल्यामुळे कागदांची शिस्त आता तिथेही कडक आहे. डीएसएकडे माणसांशी बोलण्याची कला येते, मात्र फाइल दिल्यानंतर तिचे पुढे काय झाले हे कळत नाही, आणि खरे शिक्षण त्या पुढच्या भागातच असते.

माझे मत असे की, पहिल्या तीन वर्षांत संस्थेपेक्षा वरिष्ठ महत्त्वाचा. मुलाखतीत संधी मिळाल्यास, आपली पहिली पन्नास प्रकरणे कोण तपासणार, हे अवश्य विचारावे. उत्तरात एखाद्या माणसाचे नाव आले तर दोन हजार कमी घेऊनही रुजू व्हावे; ‘ते सगळं सिस्टीम बघते’ असे उत्तर आले तर थोडा विचार करावा.

वरिष्ठ शिकवील याची वाट पाहत बसू नये. माझ्या पहिल्या साहेबांनी मला समोर बसवून कधीही शिकवले नाही. ते फाइल माझ्यापुढे सरकवत आणि एवढेच विचारत, “यात काय नाही?” फाइलमध्ये काय आहे हे कारकूनही सांगू शकतो; काय असायला हवे होते आणि ते का नाही, हे ओळखायला मला चार वर्षे लागली. अशा माणसाकडून शिकायचे असेल तर त्याच्या सोयीने शिकावे लागते. त्याच्याबरोबर साइट पाहायला जावे, गाडी आपण चालवावी, आणि त्याने नाकारलेल्या प्रकरणांची एक वेगळी वही ठेवावी. मंजूर झालेली प्रकरणे एकमेकांसारखीच असतात, नाकारलेले प्रत्येक प्रकरण काहीतरी नवे सांगते.

कागद कुठून कुठपर्यंत वाचावा

कोल्हापुरात मिळकतीचे कागद वाचणे हे स्वतंत्र शास्त्र आहे आणि ते पुस्तकातून येत नाही. पॅनेलवरील वकील मिळकतीच्या मागच्या तीस वर्षांच्या व्यवहारांचा शोध अहवाल देतात. तो स्वीकारण्याआधी निदान पहिल्या वर्षी त्यांच्याबरोबर दुय्यम निबंधक कार्यालयात आणि सिटी सर्व्हेत जाऊन बसावे. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ यांसारख्या जुन्या वस्तीत संस्थानकाळातील मोडी दस्त अजूनही पुढे येतात. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याआधीच्या वाटणीपत्राचा नीट अर्थ लावायला मोडी जाणणारा माणूस माहीत असावा लागतो. अशा दोघा-तिघांचे क्रमांक मी आजही जपून ठेवले आहेत.

शहराबाहेर प्रश्न वेगळे आहेत. महापालिकेच्या हद्दीला लागून असलेल्या ४२ गावांसाठी २०१७ मध्ये नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण झाले, त्यामुळे तिथल्या बांधकामाला परवानगी कोणी आणि कधी दिली हे तारखेनिशी पाहावे लागते. गावठाणातल्या घराचा ग्रामपंचायतीकडील नमुना ८ चा उतारा हा कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. हे कर्जदाराला पटवून देणे ही नवोदिताची पहिली परीक्षा असते. सात-बारावर भोगवटादार वर्ग २, म्हणजे सरकारी अटींवर दिलेली जमीन, असेल तर हस्तांतराला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. आपल्या जिल्ह्यात देवस्थान इनामाच्या, म्हणजे देवळाच्या खर्चासाठी दिलेल्या, जमिनी पुष्कळ आहेत आणि त्यांवर घरेही उभी आहेत. पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसाला ‘ही जमीन तारण म्हणून चालत नाही’ हे सांगताना आवाज चढवू नये, कारण चूक त्याची नसते.

जागा पाहायला शक्यतो जुलै-ऑगस्टमध्ये जावे. मे महिन्यात पंचगंगेकाठची प्रत्येक जागा कोरडी आणि सुंदर दिसते. निळी पूररेषा पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची असते, हे नकाशावर कळते. पण पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ फुटांच्या धोका पातळीकडे निघाली की कोणत्या गल्लीत पाणी आधी शिरते, हे शेजारच्या किराणा दुकानदाराला विचारल्याशिवाय समजत नाही. आज मंजुरी पुण्या-मुंबईत बसलेला अधिकारी देतो, ज्याने नागाळा पार्क पाहिलेले नसते. त्याच्यासाठी तुमचा साइट व्हिजिटचा अहवाल हेच डोळे आहेत. ‘मिळकत पाहिली, समाधानकारक’ अशी ओळ लिहून मोकळे होणाऱ्याला काही काळाने कोणी विचारत नाही.

आता माझी एक चूक सांगतो. नोकरीच्या चौथ्या वर्षी मी शहरालगतच्या एका प्लॉटच्या प्रकरणात शेवटचा फेरफार, म्हणजे हक्क बदलाची नोंद, पाहून थांबलो. सात-बारावर दोन भावांची नावे होती, दोघांच्या सह्या होत्या, मी शिफारस केली. त्याआधीच्या वारस नोंदीत त्यांच्या बहिणीचे नाव लागलेलेच नव्हते आणि हक्कसोडपत्रही नव्हते. जोते वर आले आणि त्या बाईंनी दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम आणला. त्यांचा हक्क खराच होता. माझा कर्जदार पुढची तीन वर्षे घरभाडे आणि हप्ता दोन्ही भरत राहिला. साहेबांनी माझ्यावर मेमो काढला नाही. त्यांनी मला त्या कर्जदाराच्या घरी पाठवले आणि काय चुकले ते माझ्या तोंडाने सांगायला लावले. त्या दिवसापासून मी वारस नोंद पाहताना पहिला प्रश्न ‘मुली किती?’ हा विचारतो.

उत्पन्न ओळखणे

पगारदाराचे उत्पन्न फॉर्म सोळावर दिसते. ते शिकायला एक आठवडा पुरतो. कोल्हापूर मात्र पगारावर चालणारे शहर नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत ठेक्याने काम करणारा, उद्यमनगरात दोन लेथ टाकून बसलेला, हुपरीचा चांदी कारागीर, इचलकरंजीत भाड्याच्या शेडमध्ये माग चालवणारा, आणि ऊस व दूध यांवर घर चालवणारा शेतकरी यांचे उत्पन्न ओळखणे हे आपल्या कामाचे मर्म आहे. विवरणपत्रात जेमतेम रक्कम दाखवणाऱ्या माणसाच्या मागाचे वीज बिल बारा महिन्यांचे पाहा. बिल खोटे बोलत नाही. दुधाचे बिल दर दहा दिवसांनी येते, त्यामुळे दूध घालणाऱ्या घराला हप्ता झेपतो की नाही हे तीन महिन्यांच्या पासबुकात कळते. उसाचे तसे नाही. कायद्याने ऊस गाळपाला गेल्यावर १४ दिवसांत पैसे मिळायला हवेत, पण ते केव्हा मिळतात हे कारखान्यावर अवलंबून असते, आणि हंगाम संपल्यावर पुढच्या दिवाळीपर्यंत त्या खात्यात काही येत नाही. अशा कर्जदाराकडून हंगामात चार-सहा हप्त्यांएवढी रक्कम बाजूला ठेवून घेण्याची सवय लावणारा अधिकारी मी पाहिला आहे. त्याच्याकडे थकबाकी फारच थोडी असे.

हप्ता समजावून सांगणे ही सेवा आहे

कर्ज देताना आपण जे बोलतो ते कर्जदार वीस वर्षे लक्षात ठेवतो, म्हणून इथे घाई करू नये. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या कर्जात मिळकतीच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्के रक्कम देता येते. मुद्रांक शुल्क व नोंदणीचा खर्च सामान्यतः या किमतीत धरत नाहीत. हे आधी न सांगितल्यामुळे साठेखतावर इसार देऊन बसलेली आणि नंतर सोने मोडणारी कुटुंबे मी पाहिली आहेत.

कागदावर आकडे मांडून दाखवावेत. २० लाख रुपये, ९ टक्के दर, २० वर्षे मुदत असेल तर हप्ता सुमारे १७,९९५ रुपये येतो. पहिल्या महिन्यात त्यातले १५,००० व्याजाचे असतात आणि मुद्दलात जेमतेम तीन हजार जातात. हीच मुदत १५ वर्षे केली तर हप्ता सुमारे २०,२८५ होतो, आणि एकूण परतफेडीत साडेसहा लाखांहून अधिक वाचतात. कोणती मुदत घ्यावी हे आपण ठरवू नये, पण हा हिशोब दाखवल्याशिवाय सही घेऊ नये.

बदलत्या दराविषयी तर विशेष स्पष्ट बोलावे. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो दर, ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर गेला. ज्याने त्याआधी ७ टक्के दराने २० लाख घेतले होते, त्याचा हप्ता सुमारे १५,५०६ रुपये होता. दर साडेनऊ झाल्यास तेवढ्याच बाकीवर महिन्याचे नुसते व्याज १५,८३३ होते. हप्ता तोच ठेवला तर मुद्दल कमी होण्याऐवजी वाढते. त्या वर्षी कसबा बावड्याच्या एका कर्जदाराने मला विचारले, “सायेब, हप्ता तेवढाच भरतोय, मग कर्ज कसं काय वाढलं वो?” या प्रश्नाचे उत्तर त्याला कर्ज देतानाच मिळायला हवे होते. ऑगस्ट २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार दर बदलताना हप्ता वाढवणे, मुदत वाढवणे किंवा दोन्ही थोडे थोडे करणे हे पर्याय कर्जदारापुढे ठेवावे लागतात. नुसता संदेश पाठवून हे भागत नाही. जुन्या कर्जदारांना फोन करून, आपल्या संस्थेचा दर शेजारच्या बँकेपेक्षा जास्त असेल तर तेही सांगणारा अधिकारी लोक विसरत नाहीत. यात एखादे खाते हातचे जाते, हे मान्य आहे.

कर्जासोबत विमा चिकटवण्याच्या प्रकाराविषयी माझे मत कठोर आहे. कर्ज विमा उपयोगी आहे, पण तो कर्जाच्या रकमेत मिसळून, न सांगता देणे ही फसवणूकच. उलट घराच्या विम्याकडे कोणी लक्ष देत नाही. २०१९ च्या पुरानंतर मी शाहूपुरीतल्या फायली उघडल्या तेव्हा बहुतेकांत पहिल्या वर्षाची पॉलिसी होती आणि पुढच्या वर्षांची नव्हती. एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते व तिच्यात पुराचे नुकसान येते. दर वर्षी मेच्या अखेरीस नदीकाठच्या कर्जदारांना नूतनीकरणाची आठवण करणे, हे मी आता कामाचाच भाग मानतो.

धनादेश दिल्यानंतर

लोक ज्याला काम संपणे म्हणतात, तिथून ओळखीची सुरुवात होते. हक्कपत्रे ठेवून गहाण केल्यानंतर ३० दिवसांत नोंदणी कार्यालयात ‘नोटीस ऑफ इंटिमेशन’, म्हणजे गहाणाची सूचना, दाखल करायची असते; कर्जदाराला ती कटकट वाटते, म्हणून तारीख आपण लक्षात ठेवावी. बांधकामाच्या टप्प्यांनुसार रक्कम देताना दर वेळी जागेवर जाऊन यावे. कर्जदार गेल्याची बातमी कळली तर वसुलीच्या माणसाआधी आपण जावे. उद्यमनगरातला एक टर्नर अचानक वारला, तेव्हा साहेब तेराव्यानंतर विम्याच्या दाव्याचा अर्ज घेऊन त्याच्या घरी गेले होते. पतीने असा विमा घेतला आहे हे त्या बाईंना ठाऊकच नव्हते. पुढे त्या गल्लीतून आमच्याकडे किती कर्जदार आले ते मी मोजले नाही. साहेबांनी तर नक्कीच नाही.

हप्ता चुकण्याच्या बाबतीत एक नियम मी पाळतो: पहिला हप्ता चुकला की फोन, दुसरा चुकला की घरी भेट. ९० दिवस उलटले की खाते अनुत्पादित (एनपीए) होते आणि मग सरफेसी कायद्याची, म्हणजे कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या कायद्याची, ६० दिवसांची नोटीस निघते. त्या टप्प्यावर समजुतीला फारशी जागा उरत नाही. सहकारी बँकांनाही हा कायदा लागू आहे की नाही हा वाद वर्षानुवर्षे चालला आणि ५ मे २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तो लागू असल्याचा निर्णय दिला. ते प्रकरण आपल्या मुरगूडच्या एका सहकारी बँकेचे होते. अधिकार हाती आहे म्हणून आधी तोच वापरावा असे नाही. फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करू नये, ही वसुलीची मर्यादा तुम्ही स्वतः बोलत असाल तेव्हाही पाळावी. आजारपण, कारखान्याचे थकलेले बिल किंवा सुटलेली नोकरी, कारण कळले तर मुदत वाढवण्याचा किंवा मुलाला सहकर्जदार करून घेण्याचा मार्ग वेळेत निघतो.

आणि कर्ज फिटल्यावर? डिसेंबर २०२३ पासून पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यावे लागतात, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५,००० रुपये भरपाई. कागद परत मिळाले की कर्जदाराला सगळे आटोपल्यासारखे वाटते. सात-बाराच्या इतर हक्कातला किंवा मिळकत पत्रिकेवरचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, मात्र तसाच राहतो, आणि तो पुढे मुलीच्या लग्नाच्या वेळी घर विकायला काढल्यावर आढळतो. बोजा कमी करण्याचा अर्ज त्याच दिवशी भरून द्यावा. सेरसाई या तारणांच्या केंद्रीय नोंदवहीतली नोंद संस्थेनेच काढायची असते, तीही तपासावी.

परीक्षा द्याव्यात का, असे विचारतात. बँकेत असाल तर जेएआयआयबी आणि सीएआयआयबी या बँक कर्मचाऱ्यांच्या परीक्षा लवकर उरकाव्यात, बढतीला उपयोग होतो. यापेक्षा अधिक यावर लिहिण्यासारखे काही नाही.

आपण साहेब झाल्यावर

दहा-बारा वर्षांनी हाताखाली मुले येतात, आणि तेव्हा स्वतःचे टार्गेट त्यांच्याकडून पूर्ण करून घेण्याचा मोह होतो. नवीन मुलाला एकाला नुसते केवायसी, दुसऱ्याला नुसते फाइल लॉगिन असे तुकड्यांचे काम देऊ नये. त्याला एक प्रकरण अर्जापासून बोजा नोंदीपर्यंत पूर्ण करू द्यावे, मग ते सावकाश झाले तरी चालेल. त्याची चूक पत्रात लिहून वरिष्ठांना पाठवण्याआधी, आपण सही करताना काय पाहिले नाही ते स्वतःला विचारावे. नकार द्यायलाही त्यालाच पाठवावे, आणि शेजारी बसावे: कोणता कागद कमी आहे, तो कुठे मिळेल, आणि साधारण किती महिन्यांनी परत यावे, हे तिन्ही सांगितल्याशिवाय त्याला उठू देऊ नये. नीट नाकारलेला माणूस वर्षभराने परत येतो, हे त्याने एकदा स्वतः अनुभवायला हवे.

बदलीचा हुकूम आला की शेवटच्या आठवड्यात निरोप समारंभाच्या आधी एक काम करावे. ज्या फायलींत पुढच्या माणसाला अडचण येईल, त्या प्रत्येकीत हाताने लिहिलेली अर्ध्या पानाची टीप ठेवावी: या घरात उसाचे बिल उशिरा येते, एप्रिलनंतर फोन करू नका, नोव्हेंबरात स्वतःहून भरतात, यांचा धाकटा मुलगा कागल पंचतारांकित वसाहतीत कामाला लागला आहे, तो सहकर्जदार व्हायला तयार आहे, या प्लॉटच्या पूर्वेच्या हद्दीबद्दल शेजाऱ्याशी तोंडी वाद आहे, मोजणी करून घ्यायची राहिली आहे. माझ्या पहिल्या साहेबांच्या अशा काही टिपा मला पंधरा वर्षांनी एका जुन्या फाइलमध्ये सापडल्या. त्यातल्या एकीत त्यांनी हद्दीच्या वादाबद्दल लिहून ठेवले होते, आणि मोजणी तेव्हाही राहिलेलीच होती. ती मी पुढच्या महिन्यात करून घेतली.